पाणवठ्याचे कैवारी : कै. रावबहादूर सीताराम केशव बोले

आपल्या भंडारी ज्ञातीत जी थोर माणसे होऊन गेली, त्यांची चरित्रे नव्या पिढीपुढे ठेवणे हे स्मरणिकेचे एक कर्तव्यच आहे असे आम्ही समजतो. कै. रावबहादूर सीताराम केशव बोले यांचे नाव ज्ञातीत सर्वांस ठाऊक आहे. दादरला त्यांच्या नावाचा रस्ता असून आपले कित्येक बांधव त्यावरून नित्य ये-जा करतात. परंतु त्यांच्या हातून घडलेल्या सर्वांत मोठ्या कार्याचा संबंध पाण्याशी होता आणि त्या कार्याची कसोटी आपल्याच जिल्ह्यात लागली, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. म्हणून तेवढा भाग आम्ही येथे विस्ताराने सांगणार आहोत.

बोले यांचा जन्म 1868 साली झाला. त्यांची कर्मभूमी मुंबई. ज्ञातीत ऐक्य व्हावे, मुलांनी शिकावे, ह्या खटपटीने त्यांच्या सार्वजनिक जीवनास आरंभ झाला; पण ते ज्ञातीच्या कुंपणात अडकून राहिले नाहीत. कोकणातून पोटासाठी मुंबईस आलेल्या गिरणी कामगारांची दैन्यावस्था पाहून, 1909 च्या सुमारास स्थापन झालेल्या कामगार हितवर्धक सभेच्या कार्यात त्यांनी पुढाकार घेतला. त्याच्या थोडे आधी, 1907 साली, भीमराव आंबेडकर हा विद्यार्थी मॅट्रिक झाला. त्याच्या अभिनंदनार्थ सभा भरली, तिचे अध्यक्षस्थान बोले यांजकडे होते. पुढे हे दोघे एकाच कार्यात दोन बाजूंनी हात घालतील, हे त्या दिवशी कोणास ठाऊक असणार?

आपल्या किनाऱ्याच्या पाण्याची रीत वाचकांस सांगावयास नको. अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन ह्या पट्ट्यात पाऊस 2000 मिलिमीटरच्या वर पडतो. पण तो चार महिन्यांत पडून जातो. पाठीशी काळा कातळ, तो पाणी फारसे धरीत नाही. पुढे समुद्र. जे पाणी वाळूत मुरते, ते खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. शास्त्रज्ञांचे गणित असे आहे की, विहिरीच्या भोवतालची गोड्या पाण्याची पातळी एक फूट उतरली, तर खालचे खारे पाणी सुमारे 40 फूट वर चढू पाहते. नारळी-पोफळीच्या वाडीत रहाट हाकणाऱ्या आपल्या वाडवडिलांस हे गणित पुस्तकातून ठाऊक नव्हते, पण त्याचे मर्म ते जाणून होते. काही वेळ रहाट चालवावा, मग झऱ्याने विहीर पुन्हा भरेतो थांबावे. झऱ्याच्या मापाने उपसा करावा, हा त्यांचा शिरस्ता.

अशा रीतीने पाण्याच्या जमेची बाजू आपले लोक चोख ठेवीत. खर्चाच्या बाजूस मात्र एक मोठी उणीव होती. पाणवठा गावास पुरतो असे म्हणताना गावात कोणाची घरे धरावयाची? अस्पृश्य मानलेल्या वस्तीची तहान त्या हिशेबात नसेच. तेथील बायांनी घागर घेऊन दूर उभे राहावे आणि कोणी कृपाळूपणे ओतील तेवढे घ्यावे, नाहीतर डबक्याची वाट धरावी. आपल्या ज्ञातीस वरच्यांनी दूर ठेविले, हे आपण आवर्जून सांगतो. आपणही काहींस दूर ठेविले, हेही तितकेच खरे आहे.

हा हिशेब बोले यांनी दुरुस्त करावयास घेतला. मुंबई कायदेमंडळाचे सभासद असताना 4 ऑगस्ट 1923 रोजी त्यांनी ठराव मांडला. सरकारी किंवा सार्वजनिक पैशाने बांधलेले वा चालविलेले सर्व पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य वर्गास खुले असावेत, असा त्याचा आशय. ठराव मंजूर झाला आणि 11 सप्टेंबर 1923 रोजी सरकारने तो आपल्या खात्यांस अंमलबजावणीसाठी धाडला. त्यास अनुसरून 1924 साली, सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या अध्यक्षतेखालील महाड नगरपालिकेने तेथील चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला.

तळे कागदावर खुले झाले, परंतु काठावर जाण्याची कोणाची छाती होईना. बोले यांचा विशेष असा की, ठराव मंजूर झाला म्हणून ते स्वस्थ बसले नाहीत. 5 ऑगस्ट 1926 रोजी त्यांनी दुसरा ठराव आणला : ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे ही आज्ञा पाळणार नाहीत, त्यांचे अनुदान सरकारने रोखावे. लोकांच्या पैशाने पाणी राखावयाचे आणि लोकांपैकीच काहींस ते नाकारावयाचे, हे त्यांस मान्य नव्हते.

पुढील इतिहास सर्वश्रुत आहे. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर हजारो अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले आणि ते पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ले केले, तळ्याची शुद्धी केली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनेही आपला ठराव फिरविला. डिसेंबरात डॉक्टर पुन्हा निघाले, ते आगबोटीने दासगाव बंदरात उतरून महाडास पोहोचले. मग प्रकरण न्यायालयात गेले आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तळे सर्वांस खुले असल्याचा निकाल दिला. बोले यांच्या पहिल्या ठरावापासून तोवर साडेतेरा वर्षे लोटली होती.

बोले यांनी कोकणातील खोती पद्धतीविरुद्धही कायदेमंडळात आवाज उठविला. दीर्घायुष्य भोगून 1961 साली, वयाची नव्वदी उलटल्यावर, ते निवर्तले.

ज्ञातिबंधु-भगिनींनो, हे चरित्र केवळ अभिमानासाठी वाचावयाचे नाही. आज रहाट गेले, पंप आले. किनाऱ्यावर बंगले व हॉटेले वाढली, त्यांची तहान वाडीतल्या विहिरी भागवितात आणि चैत्र-वैशाखात त्याच विहिरींचे पाणी मचूळ लागते. इकडे डोंगराच्या कडेच्या कित्येक कातकरी वाड्या टँकरची वाट पाहत बसतात. सरकारच्या 2019 च्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागात दर माणशी दररोज 55 लिटर पाण्याचे माप धरले आहे. माप सर्वांस एक आहे. माणसे मोजताना कोणी वगळले जाते की काय, हे पाहणे आपल्या हाती आहे.

म्हणून आमची विनंती इतकीच. ग्रामसभेत पाण्याचा विषय निघेल तेव्हा आपल्या घरातील एकाने तरी तेथे उठून दोन गोष्टी विचाराव्यात : झरा किती आणि उपसा किती, आणि ह्या यादीत गावाच्या टोकाची वाडी आहे की नाही. पंपासही रहाटासारखी विश्रांती द्यावी, पावसाचे पाणी विहिरीपाशी जिरवावे. आपल्या ह्या ज्ञातिबंधूचे खरे स्मारक त्यातच आहे. ईश्वर आपणां सर्वांस तशी बुद्धी देवो, अशी प्रार्थना करून आम्ही लेखणी खाली ठेवितो.