संत फ्रान्सिस झेवियर : परदेशी शिकायला गेलेला धाकटा मुलगा



३ डिसेंबर हा संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण. जुन्या गोव्याला जाऊन त्यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन आपल्यापैकी अनेकांनी घेतले असेल. परंतु हे थोर मिशनरी एकेकाळी परमुलखात शिकणारे विद्यार्थी होते आणि त्यांच्या शिक्षणाचा खर्च घरच्यांना जड झाला होता, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

फ्रान्सिस यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी नव्हार राज्यातील हावियेर येथील गढीत झाला. त्या गढीच्या नावावरूनच आपण त्यांना झेवियर म्हणतो. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील हुआन दे हास्सो हे राजदरबारातील मोठे अधिकारी. ते स्वतः इटलीत, बोलोन्याच्या विद्यापीठात, कायदा शिकून आले होते. म्हणजे शिक्षणासाठी दूर जाणे या घराला नवे नव्हते.

पण दिवस पालटले. १५१२ साली शेजारच्या कॅस्टिलने नव्हार जिंकले. १५१५ साली वडील वारले. पुढच्याच वर्षी नव्या राज्यकर्त्यांच्या हुकमावरून गढीचे बुरूज आणि तट पाडण्यात आले. मिगेल आणि हुआन हे थोरले भाऊ नव्हारच्या बाजूने लढले; त्यांना मृत्युदंड ठोठावला गेला आणि १५२४ साली माफी मिळाली. अशा मोडकळीला आलेल्या घरातून १५२५ साली एकोणीस वर्षांचा फ्रान्सिस पॅरिसला निघाला. विधवा आई मारिया हिच्या मनाला काय वाटले असेल, हे कोणत्याही आईने ओळखावे. तिने मुलाला जाऊ दिले. १५२९ साली ती देवाघरी गेली. मायलेकरांची पुन्हा भेट झाली नाही.

पॅरिसमध्ये फ्रान्सिस सेंट बार्ब कॉलेजात राहू लागले. शिक्षण वर्षानुवर्षे चालणारे, शहर महाग आणि घरची आवक घटलेली. आता पुरे झाले, त्याला परत बोलवावे, असा विचार घरी सुरू झाला. तेव्हा थोरली बहीण माग्दालेना मध्ये पडली, असे परंपरा सांगते. ती गांदिया येथील क्लारा भगिनींच्या मठाची मठप्रमुख होती. भावाचे शिक्षण थांबवू नका, देव त्याच्याकडून मोठे काम करून घेईल, असे तिने घरी कळवले. १५३० साली फ्रान्सिस एम. ए. झाले आणि बोव्हे कॉलेजात शिकवू लागले.

मात्र चिंता मिटली नव्हती. पॅरिसमधील त्यांच्या वागण्याविषयी कोणीतरी थोरल्या भावाचे कान भरले. मार्च १५३५ मध्ये फ्रान्सिस यांनी भाऊ हुआन याला सविस्तर पत्र लिहिले. आपल्यावरचे आरोप खोटे असल्याचे त्यांनी सांगितले. पैशांची चणचण लपवली नाही. इग्नेशियस लोयोला या मित्राने पैशांची मदत केली आणि वाईट संगतीपासून वाचवले, हेही मोकळेपणाने कबूल केले. पत्र घेऊन स्वतः इग्नेशियसच गेले. ज्या युद्धात हे भाऊ एका बाजूला होते, त्यात इग्नेशियस दुसऱ्या बाजूने लढले होते! तरी फ्रान्सिस यांनी भावाला विनंती केली, की या माणसाला भेट, त्याला विचार आणि त्याच्यावर विश्वास ठेव.

फ्रान्सिस पांप्लोनाच्या कॅथेड्रलमध्ये मानाचे पद मिळवून घराला हातभार लावतील, अशी आशा होती. देवाची योजना वेगळी होती. १५ ऑगस्ट १५३४ रोजी पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवर इग्नेशियस आणि इतर सोबत्यांबरोबर त्यांनी व्रते घेतली होती. १५३७ साली ते धर्मगुरू झाले आणि ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले. वसईच्या भूमीलाही त्यांचे पाय लागले. भारतातून त्यांनी लिहिले, की पॅरिससारख्या विद्यापीठांत जाऊन तिथल्या विद्वानांना ओरडून जागे करावे आणि विद्या लोकांच्या तारणासाठी वापरायला सांगावे, असे त्यांना वाटते. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील सांचियान बेटावर त्यांनी देह ठेवला.

आज आपल्या घरांतूनही मुलेमुली परदेशी शिकायला जाऊ इच्छितात. कर्ज, अंतर, संगत या आईवडिलांच्या काळज्या खऱ्या असतात. मुलांनो, त्या काळज्यांना हसू नका. पैशांचा हिशेब खरा सांगा, अडचणी लपवू नका आणि आपल्याला ओळखणाऱ्या भल्या माणसाला घरी घेऊन या. आणि पालकांनो, नकार देण्याआधी माग्दालेनाची आठवण ठेवा. तिने भावाची कमाई पाहिली नाही; १५३३ साली ती वारली तेव्हा तो पॅरिसमध्येच होता. तिने फक्त विश्वास ठेवला.

संत फ्रान्सिस झेवियर, आमच्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी विनंती करा.