विश्लेषण : ‘जय भीम’ अभिवादन रुजवणारे बाबू हरदास कोण होते?

‘जय भीम’ हा तमिळ चित्रपट २०२१ मध्ये ओटीटीवर आला आणि हे दोन शब्द देशभर चर्चेत आले. महाराष्ट्राला ते नवे नव्हते. पण हे अभिवादन नागपूरलगतच्या कामठीतून पसरले आणि ते रुजवणारा कार्यकर्ता वयाच्या ३५व्या वर्षी गेला, हे आजही अनेकांना माहीत नसते.

१७व्या वर्षी संपादक

हरदास लक्ष्मणराव नगराळे यांचा जन्म ६ जानेवारी १९०४ चा, कामठीतला. वडील रेल्वेत कारकून. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण नागपूरच्या पटवर्धन हायस्कूलमध्ये झाले. १९२१ मध्ये, म्हणजे आज ज्या वयात मुले बारावीची तयारी करतात त्या वयात, त्यांनी ‘महारठ्ठा’ हे साप्ताहिक सुरू केले.

पुढच्याच वर्षी तरुणांना एकत्र आणणारे ‘महार समाज पथक’ उभे राहिले. वस्त्यांवरील अत्याचारांविरुद्ध उभे राहणे हे त्याचे काम. कामठीत रात्रशाळा निघाल्या. महिलांच्या प्रशिक्षणासाठी महिला आश्रम सुरू झाला. भाषणे करणारे तेव्हाही बरेच होते; हरदास मात्र कार्यकर्ते घडवत होते.

‘जय भीम’ कसे आले?

तोवर महार समाजात ‘जोहार’ म्हणण्याची रीत होती. त्यात समोरच्यापुढे वाकणे गृहीत होते. कामठीत मुस्लिम वस्ती मोठी. तिथे ‘सलाम’ला बरोबरीचे, ठरलेले उत्तर मिळते, हे हरदास पाहत होते. त्यावरून ‘जय भीम’ आणि उत्तरादाखल ‘बल भीम’ अशी जोडी त्यांना सुचली, असे सांगतात. ‘भीम विजय संघा’च्या कार्यकर्त्यांनी ती वस्त्यावस्त्यांत नेली. ‘बल भीम’ मागे पडले आणि दोन्ही बाजूंनी ‘जय भीम’च उरले. ज्याच्या नावाने नमस्कार करायचा तो नेता तेव्हा हयात होता, हे विशेष.

बिडी कामगार ते विधिमंडळ

कामठी परिसरात बिड्या वळून पोट भरणारी कुटुंबे शेकडो. ठेकेदार मजुरी कापत. हरदास यांनी बिडी मजुरांचा संघ उभारलाच, शिवाय ठेकेदाराला वगळून सहकारी तत्त्वावर बिड्या काढण्याचा आग्रहही धरला.

दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी अस्पृश्यांचा खरा प्रतिनिधी कोण, हा वाद पेटला. त्यांनी ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनाल्ड यांना तार पाठवून डॉ. आंबेडकरांचे नाव कळवले आणि इतरांनाही तारा करायला लावल्या. मे १९३२ मध्ये दलित वर्गाची परिषद कामठीत भरली तेव्हा स्वागताध्यक्ष होते २८ वर्षांचे हरदास. १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात पोहोचले.

आमदारकी जेमतेम दोन वर्षांची ठरली. क्षयावर तेव्हा हमखास औषध नव्हते. १२ जानेवारी १९३९ रोजी त्यांचे निधन झाले. कन्हान नदीकाठी त्यांची समाधी आहे.