कर्मवीर भाऊराव आणि एक पंगत

हजेरीपटावर नाव चढले म्हणजे मूल शाळेचे झाले, असे होत नाही. जेथे आपले पान इतरांच्या बरोबरीने मांडले जाते, तेच ठिकाण मुलास आपले वाटते. हे मर्म विद्यार्थिदशेतच सोसून जाणलेले थोर पुरुष म्हणजे कर्मवीर भाऊराव पायगोंडा पाटील होत.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे एका दिगंबर जैन कुटुंबात झाला. घराणे ऐतवडे बुद्रुकचे. राजाराम हायस्कुलात शिकत असता ते कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहत. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले. परतल्यावर स्नान करून शुद्ध होण्याची आज्ञा झाली. ती त्यांनी मानली नाही, आणि वसतिगृहाचे दार त्यांना बंद झाले. हा प्रसंग आपल्याच समाजाच्या छत्राखाली घडला. तो गाळून हे चरित्र सांगणे सत्यास धरून होणार नाही. पुढे छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. तथापि मॅट्रिकची पायरी त्यांना ओलांडता आली नाही.

किर्लोस्करांच्या नांगरांच्या प्रचारार्थ खेडोपाडी हिंडताना रयतेचे अज्ञान त्यांनी जवळून पाहिले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्यास शाहू छत्रपतींचे नाव देण्यात आले.

तेथे समतेवर व्याख्याने देण्यापेक्षा कामाची वाटणी करण्यावर भाऊरावांचा भर असे. मुले पाळीपाळीने स्वयंपाक करीत, शेतात राबत, आणि एकाच पंगतीस बसत. सकाळी ज्याच्या हातची भाकरी खाल्ली, त्यास दुपारी वर्गात दूर कसे बसवावे? घामाने उभारलेल्या त्या वास्तूत कोणीही उपरा उरत नसे.

या संसाराची माउली म्हणजे सौ. लक्ष्मीबाई. सोवळ्याओवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या या साध्वीने सर्व मुलांना पोटच्या लेकरांप्रमाणे वाढविले. धान्य सरले तेव्हा अंगावरील दागिने गेले. अखेर मंगळसूत्रही गेले. १९३० साली त्या निवर्तल्या. ज्या मुलांसाठी त्या झिजल्या, त्यांतील कित्येकांची जातही त्यांना विचारावीशी वाटली नसेल.

१९५९ साली भाऊरावांना पद्मभूषण हा किताब मिळाला; त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांनी देह ठेवला. संस्थेने वटवृक्ष हे बोधचिन्ह धारण केले आहे, ते यथार्थच होय. वडाच्या सावलीत बसणाऱ्यास कोणी जात विचारीत नाही.

समाजबांधवहो, भाऊरावांचे नाव आपण अभिमानाने घेतो. आपण विद्यार्थ्यांस साहाय्य देतो, वसतिगृहे चालवितो, हे भूषणावहच आहे. परंतु ज्या मुलास आपण दारातून परत पाठवू, तेच उद्याचे भाऊराव असू शकेल, याचे भान ठेवावे. आपल्या पंगतीत परक्या लेकराचे एक पान अधिक मांडावे. त्या थोर आत्म्याचे ऋण काही अंशी तरी फिटेल.