विश्लेषण : एका डॉक्टरच्या मृत्युपत्रातून कसे उभे राहिले ब्रिटिश म्युझियम?

राजाच्या किंवा चर्चच्या मालकीचे नसलेले, संसदेने कायदा करून उभारलेले आणि सर्वांसाठी मोफत असलेले ब्रिटिश म्युझियम हे जगातील पहिल्या राष्ट्रीय सार्वजनिक संग्रहालयांपैकी एक. त्याचा पाया घातला हान्स स्लोन या डॉक्टरने. मात्र, त्यांच्या संग्रहामागचा पैसा कुठून आला, हा प्रश्न आजही त्यांची पाठ सोडत नाही.

हान्स स्लोन कोण होते?

स्लोन यांचा जन्म १६६० मध्ये आयर्लंडच्या उत्तरेकडील किलीले या गावात झाला. लहानपणापासून त्यांना वनस्पती गोळा करण्याचा नाद होता. लंडन आणि फ्रान्समध्ये त्यांनी वैद्यकशास्त्राचे शिक्षण घेतले. पुढे लंडनमध्ये त्यांचा जम बसला. राणी ॲन, पहिले जॉर्ज आणि दुसरे जॉर्ज अशा तीन राज्यकर्त्यांचे ते डॉक्टर होते. आयझॅक न्यूटन यांच्या निधनानंतर १७२७ मध्ये रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले.

जमैकात काय घडले?

१६८७ मध्ये जमैकाच्या नव्या गव्हर्नरचे डॉक्टर म्हणून स्लोन तिकडे गेले. गव्हर्नरचा वर्षभरातच मृत्यू झाला आणि १६८९ मध्ये स्लोन परतले. येताना त्यांनी सुमारे ८०० वनस्पतींचे नमुने आणले. जमैका तेव्हा ब्रिटिशांची वसाहत होती. तेथील उसाचे मळे आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर चालत. स्लोन यांना नमुने आणि माहिती मिळवून देणाऱ्यांमध्ये हे गुलामही होते.

१६९५ मध्ये स्लोन यांनी जमैकातील एका मळेवाल्याच्या विधवेशी, एलिझाबेथ यांच्याशी विवाह केला. त्यामुळे गुलामांच्या कष्टावर पिकणाऱ्या साखरेच्या उत्पन्नाचा वाटा त्यांच्या घरात येऊ लागला. डॉक्टरकीची कमाई आणि हा पैसा, या दोहोंच्या बळावर संग्रह वाढला.

संग्रहात काय होते?

स्लोन स्वतः फारसे फिरले नाहीत. त्यांनी इतरांचे संग्रह विकत घेतले. जेम्स पेटिव्हर यांच्यासारख्या संग्राहकांचा आयुष्यभराचा ठेवा त्यांच्याकडे आला. पुस्तके, हस्तलिखिते, नाणी, वाळवलेल्या वनस्पती, प्राण्यांचे सांगाडे, शिंपले अशा वस्तूंची संख्या अखेर ७१ हजारांच्या घरात गेली. अमेरिकेतील व्हर्जिनियातून आलेला पश्चिम आफ्रिकी घडणीचा एक ढोलही त्यात होता. गुलामांच्या व्यापारातूनच तो समुद्रापार पोहोचला, असे मानले जाते.

मृत्युपत्रात कोणती अट होती?

११ जानेवारी १७५३ रोजी वयाच्या ९२व्या वर्षी स्लोन यांचे निधन झाले. संग्रह विखुरला जाऊ नये, ही त्यांची इच्छा होती. आपल्या दोन मुलींना २० हजार पौंड द्यावेत आणि त्या बदल्यात संपूर्ण संग्रह राष्ट्राने घ्यावा, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. संग्रहाची किंमत याहून कितीतरी अधिक होती. ब्रिटनने नकार दिल्यास सेंट पीटर्सबर्ग, पॅरिस, बर्लिन आणि माद्रिद येथील विद्वत्संस्थांना विचारावे, अशी तरतूदही होती.

सरकारने पैसे कसे उभे केले?

राजाने फारसा उत्साह दाखवला नाही. मात्र, जून १७५३ मध्ये संसदेने ब्रिटिश म्युझियमचा कायदा केला. खर्चासाठी तिजोरीत हात न घालता सार्वजनिक लॉटरी काढण्यात आली. तीन पौंडांचे एक, अशी एक लाख तिकिटे विकली गेली. तिकीटविक्रीत गैरव्यवहार झाला, त्यावरून बोभाटाही झाला. तरी बक्षिसे आणि खर्च वजा जाता सुमारे ९५ हजार पौंड हाती आले. त्यातूनच स्लोन यांच्या मुलींची रक्कम दिली गेली आणि माँटेग्यू हाउस ही इमारत घेण्यात आली. कारभार राजाकडे न देता विश्वस्तांकडे सोपवण्यात आला.

१५ जानेवारी १७५९ रोजी संग्रहालय खुले झाले. प्रवेश मोफत होता. पण आधी अर्ज करून तिकीट मिळवावे लागे. त्यामुळे सामान्य कामगाराला ते प्रत्यक्षात दूरच राहिले.

आज स्लोन यांच्याबद्दल वाद का?

त्यांच्या वनस्पती आणि प्राण्यांच्या नमुन्यांतून पुढे लंडनचे नॅचरल हिस्ट्री म्युझियम घडले, तर ग्रंथसंग्रह ब्रिटिश लायब्ररीकडे गेला. म्हणजे तीन राष्ट्रीय संस्थांचे मूळ एकाच घरात आहे. ब्रिटिश म्युझियम आजही सरकारी अनुदान घेते आणि कायमस्वरूपी दालने मोफत ठेवते.

ऑगस्ट २०२०मध्ये या संग्रहालयाने स्लोन यांचा अर्धपुतळा चौथऱ्यावरून काढून काचेच्या कपाटात ठेवला. शेजारी त्यांचा गुलामगिरीशी असलेला संबंध सांगणारी माहिती लावली. पुतळा हटवला नाही आणि इतिहासही झाकला नाही. सर्वांसाठी मोफत असलेल्या या संग्रहाची किंमत जमैकातील मळ्यांवर राबणाऱ्यांनीही मोजली होती. त्यांपैकी बहुतेकांची नावे मात्र कोणत्याही दालनात नाहीत.