बाबासाहेबांची मधुमेहाशी झुंज

सातारा, प्रतिनिधी : येथील प्रतापसिंह हायस्कूलच्या दप्तरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याच्या प्रवेशाची नोंद झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणाचा इंग्रजी श्रीगणेशा येथेच झाला. त्यांच्या विद्वत्तेविषयी आणि संघर्षाविषयी विपुल लेखन झाले. मात्र आयुष्याच्या अखेरच्या दशकात त्यांनी मधुमेहाशी दिलेली झुंज फारशी चर्चिली जात नाही.

ऑगस्ट १९४७ मध्ये घटनेच्या मसुदा समितीची धुरा त्यांच्याकडे आली, त्या काळात पायांतील असह्य वेदनांनी त्यांची झोप हिरावली होती. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिल्यास मज्जातंतूंना इजा होते. पाय दुखतात, जळजळतात किंवा बधिर होतात. मुंबईत त्यांचा डॉ. शारदा कबीर यांच्याशी परिचय झाला. १५ एप्रिल १९४८ रोजी दोघे विवाहबद्ध झाले. पुढे इन्सुलिन आणि पथ्यपाण्याची जबाबदारी माईसाहेबांनीच सांभाळली.

काम मात्र थांबले नाही. ऑगस्ट १९५१ मध्ये पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून त्यांनी ढासळत्या प्रकृतीची कल्पना दिली आणि उपचारांसाठी विश्रांती घेण्यापूर्वी हिंदू कोड बिल मार्गी लागावे, असा आग्रह धरला. विधेयक रखडले आणि त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५४ मध्ये ते काही महिने अंथरुणाला खिळून होते. दृष्टी मंदावली, चालताना आधार लागू लागला. तरीही १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत झोपेतच त्यांची प्राणज्योत मालवली. ते अवघे ६५ वर्षांचे होते.

त्या काळी इन्सुलिन उपलब्ध होते. पण घरच्या घरी साखर मोजण्याचे यंत्र नव्हते, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्तचाचणी नव्हती, दृष्टिपटलावरील लेसर उपचारही नव्हते. आज हे सारे उपलब्ध आहे. साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवल्यास डोळे, मूत्रपिंड अशा अवयवांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार सुमारे एक चतुर्थांशाने कमी होतात, हे ब्रिटनमधील १९९८ च्या प्रदीर्घ अभ्यासाने दाखवून दिले.

मधुमेह सुरुवातीला दुखत नाही, म्हणूनच तो दुर्लक्षित राहतो. सातारा असो वा सांगली, मधुमेही व्यक्तीने वर्षातून एकदा तरी डोळ्यांचा पडदा, लघवीतील प्रथिने आणि पायांची संवेदना तपासून घ्यावी. रक्तदाबावर लक्ष ठेवावे, तंबाखू सोडावी, रोज पाय न्याहाळावेत आणि अनवाणी चालणे टाळावे. छोट्या जखमेकडेही काणाडोळा करू नये. बाबासाहेबांपुढे राष्ट्राचे काम होते आणि हाताशी साधने अपुरी होती. आपल्याला ती सबब नाही.