छायाप्रकाशाची साधना

इंग्लंडच्या दक्षिणेस वाइट नावाचे एक बेट आहे. तेथील फ्रेशवॉटर या गावी ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन नावाच्या एक बाई राहत असत. त्यांचा जन्म १८१५ साली कलकत्त्यास झाला होता. १८६३ च्या डिसेंबरात त्यांचे पती दूर सिलोनात आपल्या मळ्यांवर गेले होते. आईला एकटे वाटू नये म्हणून मुलीने व जावयाने त्यांना एक कॅमेरा भेट दिला. त्या वेळी ज्यूलियाबाईंचे वय ४८ वर्षांचे होते आणि छायाचित्रणाचा त्यांना फारसा अनुभव नव्हता.

कोळशाच्या कोठीची त्यांनी अंधारी खोली केली आणि कोंबड्यांच्या काचघराची चित्रशाळा केली. त्या काळी छायाचित्र घेणे फार कष्टाचे होते. काचेवर एक चिकट द्राव पसरावयाचा, ती काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवावयाची आणि ओली असतानाच तिच्यावर चित्र घ्यावयाचे. काच वाळली की श्रम वाया जात. ज्यूलियाबाईंनी पहिले चित्र एका शेतकऱ्याचे घेतले. परंतु ओल्या काचेवरून त्यांचाच हात फिरला आणि ते पुसून गेले! तरीही त्यांनी धीर सोडला नाही. १८६४ च्या जानेवारीत ॲनी फिलपॉट या मुलीचे चित्र त्यांना साधले, तेव्हा त्या मुलीला काय देऊ नि काय नको, असे त्यांना होऊन गेले.

पुढे त्यांनी प्रकाशाचे प्रयोग आरंभिले. पडदे ओढून त्या बराचसा उजेड अडवीत व चेहऱ्यावर एकाच बाजूने तो पडू देत. त्यामुळे अर्धा चेहरा उजळे, अर्धा छायेत राही आणि चित्रातील माणूस सजीव भासे. परंतु उजेड कमी झाला म्हणजे काचेवर चित्र उमटण्यास वेळ अधिक लागे. समोरच्या माणसास कित्येक मिनिटे निश्चल बसावे लागे. तो किंचित हलला, तरी रेषा पुसट होत. १८६७ साली थोर शास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांचे चित्र घेताना त्यांनी हर्शेल यांना केस धुऊन मोकळे सोडावयास लावले. काळ्या वस्त्रावर ते पांढरे केस तेजाच्या वलयाप्रमाणे झळकले.

त्यांच्या चित्रांतील पुसटपणा प्रथम योगायोगाने आला होता. पण त्यातील सौंदर्य ओळखून त्यांनी तो जाणूनबुजून राखला. जाणत्या छायाचित्रकारांनी मात्र त्यास निष्काळजीपणा म्हणून नावे ठेविली. काचेवरील डाग व ओरखडे हे खरोखरीचे दोषही त्यांना दिसत होते. ज्यूलियाबाईंपुढे प्रश्न उभा राहिला : लोकांना रुचेल ते करावे, की आपल्या डोळ्यांना जे सुंदर दिसते ते? त्यांनी दुसरा मार्ग पत्करला.

१८६५ सालीच लंडनच्या एका मोठ्या संग्रहालयाने त्यांची छायाचित्रे विकत घेतली. १८७५ साली त्या सिलोनास गेल्या आणि १८७९ साली तेथेच निवर्तल्या. त्यांच्यावर टीका करणाऱ्यांची नावे आज फारशी कोणास ठाऊक नाहीत; त्या पुसट चित्रांतील मुखे मात्र अजून आपल्याकडे पाहत आहेत.