फॉलिक अ‍ॅसिडचा माग मुंबईत काढणाऱ्या डॉ. लुसी विल्स

नागपूर : विदर्भात सिकलसेलचा रुग्ण आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी ही जोडी आता ठरूनच गेली आहे. निरोगी माणसाची तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस टिकते. सिकलसेलच्या रुग्णाची दोन-तीन आठवड्यांतच फुटते. ही तूट भरून काढण्यासाठी अस्थिमज्जेला अखंड राबावे लागते आणि त्या कामी फॉलिक अ‍ॅसिड खर्ची पडते. गरोदर मातांना लोहासोबत दिल्या जाणाऱ्या सरकारी गोळीतही तेच असते. या द्रव्याचा पहिला माग लागला तो मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत. तो काढणाऱ्या डॉ. लुसी विल्स यांचे नाव मात्र महाराष्ट्रात डॉक्टरांच्या वर्तुळाबाहेर क्वचितच ऐकू येते.

विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड येथे झाला. घर सुखवस्तू होते आणि विज्ञानाची आवड घरातच होती. चेल्टनहॅमच्या मुलींच्या शाळेतून त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात गेल्या आणि १९११ मध्ये वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्राच्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या. पदवी मात्र मिळाली नाही, कारण केंब्रिज त्या काळी स्त्रियांना पदवीच देत नसे. ती दारे उघडायला १९४८ साल उजाडावे लागले.

पहिल्या महायुद्धाला तोंड फुटले तेव्हा त्या दक्षिण आफ्रिकेत होत्या. केपटाऊनमध्ये त्यांनी स्वेच्छेने परिचारिकेचे काम केले आणि बहुधा तेथेच त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. १९१५ मध्ये लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय विद्यालयात त्यांनी नाव घातले. १९२० मध्ये त्या डॉक्टर झाल्या तेव्हा वयाची बत्तिशी गाठली होती. दवाखाना थाटण्याऐवजी त्यांनी रॉयल फ्री रुग्णालयाची प्रयोगशाळा पत्करली आणि गरोदरपणात शरीरात होणाऱ्या रासायनिक बदलांचा अभ्यास सुरू केला.

याच अभ्यासामुळे १९२८ मध्ये त्यांना मुंबईचे बोलावणे आले. भारतात दीर्घकाळ वैद्यकीय सेवा केलेल्या डॉ. मार्गारेट बाल्फोर तेव्हा मातामृत्यूंची चौकशी करीत होत्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांमध्ये एक विलक्षण रक्तक्षय दिसत होता. रक्तपेशींची संख्या घसरे, पण उरलेल्या पेशी मात्र नेहमीपेक्षा मोठ्या असत. अंगातले बळ जाई, चेहरा पांढराफटक पडे आणि कित्येक जणी बाळंतपणापूर्वी किंवा बाळंतपणानंतर लगेच दगावत.

हाफकिन संस्था परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात आणि गिरण्यांची धुराडी तिच्या अवतीभवती. विल्स प्रयोगशाळेत थांबल्या नाहीत. या स्त्रिया राहतात कुठे, रोज काय शिजवतात, ताटात किती पडते याच्या नोंदी त्यांनी घेतल्या. जंतूंचा शोध झाला, पण कारणीभूत म्हणावा असा जंतू सापडेना. सुस्थितीतल्या घरांत हा आजार कमी होता. गरीब घरांत, विशेषतः गरीब मुस्लिम स्त्रियांत, तो अधिक होता. त्यांच्या आहारात भाजीपाला, फळे, दूध यांची वानवा होती. दोष जंतूचा नसून ताटाचा आहे, या तर्कावर विल्स ठाम झाल्या. साथीच्या रोगांवरील लशींसाठी गाजलेल्या संस्थेत हा विचार करणे वाटते तितके सोपे नव्हते.

पुढचा प्रवास सरळ झाला नाही. या स्त्रियांच्या आहारासारखाच आहार विल्स यांनी उंदरांना दिला. उंदरांना रक्तक्षय झाला आणि यीस्ट दिल्यावर तो टळला. पुढे उघड झाले, की उंदरांच्या त्या रक्तक्षयामागे उवांवाटे पसरणारा एक जंतू होता. पुरावा डळमळीत, निष्कर्ष मात्र बरोबर! विज्ञानात असेही घडते. मग माकडांवर प्रयोग झाले. मरणपंथाला लागलेल्या एका माकडाला मारमाइट दिले आणि ते झपाट्याने सुधारले, असे सांगतात. मारमाइट म्हणजे बिअर तयार करताना उरणाऱ्या यीस्टचा अर्क. इंग्लंडात तो पावाला लावून खातात. स्वस्त आणि सहज मिळणारा हा पदार्थ विल्स यांनी आजारी स्त्रियांना दिला. थोड्याच दिवसांत रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या.

हा शोध किती मोलाचा होता हे कळण्यासाठी तेव्हाचे वैद्यकीय ज्ञान पाहिले पाहिजे. १९२६ मध्ये मिनो आणि मर्फी या अमेरिकी डॉक्टरांनी यकृत खाऊ घालून घातक रक्तक्षय बरा करून दाखवला होता आणि सारे जग यकृताच्या मागे लागले होते. विल्स यांच्या रुग्णांना यकृताचा साधा अर्क लागू पडला, पण शुद्ध केलेला अर्क देताच परिणाम नाहीसा झाला. याचा अर्थ शुद्धीकरणात काही तरी निघून जात होते आणि ते यीस्टमध्येही होते. शुद्ध अर्कात उरत होते ते पुढे बी-१२ म्हणून ओळखले गेले. निघून जाणाऱ्या अनामिक द्रव्याला विल्स घटक हे नाव पडले. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने हे संशोधन प्रसिद्ध केले.

पेशी मोठ्या का होतात, याचे उत्तर नंतर मिळाले. पेशीचे विभाजन होण्यासाठी डीएनए तयार व्हावा लागतो आणि त्यासाठी फॉलिक अ‍ॅसिड हवे. ते नसले, की पेशी वाढते पण दुभंगत नाही. याच्या अगदी उलट विकार पॉलिसायथेमिया व्हेरा. त्यात अस्थिमज्जेवरचा लगाम सुटतो, तांबड्या पेशी वाजवीपेक्षा अधिक तयार होतात आणि रुग्णाचे रक्त काढून टाकावे लागते. त्यामागचा जनुकीय दोष २००५ मध्ये उलगडला. विल्स यांच्यासमोरच्या स्त्रियांना रक्ताचा प्रत्येक थेंब मोलाचा होता.

विल्स घटकाचे रासायनिक रूप उकलायला आणखी दशकाहून अधिक काळ लागला. १९४१ मध्ये टेक्सासच्या संशोधकांनी चार टन पालकातून हे द्रव्य वेगळे केले आणि पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक अ‍ॅसिड म्हटले. १९४५ मध्ये अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झाले. तेथील संशोधनाची धुरा मूळचे आंध्रातील भीमावरमचे डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. या द्रव्याच्या पहिल्या आणि शेवटच्या टप्प्याशी भारताचा असा संबंध आहे. नोबेल मात्र १९३४ मध्ये यकृतवाल्यांना मिळाले.

विल्स १९३३ पर्यंत भारतात होत्या. मधल्या काळात कुन्नूर आणि मद्रास येथेही त्यांनी काम केले. १९३७-३८ मध्ये काही आठवड्यांसाठी त्या पुन्हा हाफकिनमध्ये आल्या. दुसऱ्या महायुद्धात त्या लंडनमध्येच रोगनिदान विभागात राबत होत्या. १९४४ मध्ये रॉयल फ्री रुग्णालयावर जर्मनांचा उडता बॉम्ब पडला, तरी काम थांबले नाही. १९४७ मध्ये त्या निवृत्त झाल्या.

निवृत्ती नावापुरतीच ठरली. जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका अशा ठिकाणी जाऊन त्यांनी आहार आणि रक्तक्षयाची पाहणी चालूच ठेवली. त्यांनी लग्न केले नाही. त्यांना डोंगरांची ओढ होती, बर्फावर घसरत लांब पल्ला गाठण्याचा छंद होता आणि रुग्णालयात त्या सायकलने जात. शेवटची काही वर्षे लंडनच्या चेल्सी भागात त्या मजूर पक्षाच्या नगरसेविका होत्या. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक अ‍ॅसिड घेतल्यास बाळाच्या मज्जारज्जूतील गंभीर व्यंग बहुतांशी टळते, हे ब्रिटनमधील मोठ्या चाचणीतून १९९१ मध्ये सिद्ध झाले. तेव्हा त्यांना जाऊन २७ वर्षे लोटली होती.